समुद्रसपाटीखालचीं मैदानें

गेल्या चैत्र-वैशाखांत सात आठवडे हॉलंडांत मुलीकडे राहण्याचा योग आला. परत आल्यापासून जो भेटतो तो "ट्यूलिपचीं फुलें पाहिलींत ना?" असें विचारतो. पाहिलीं. पवनचक्क्या पाहिल्या, कालव्यांतून नौकेनें हिंडलों, रेम्ब्रांटच्या त्या भव्य चित्रापुढें इतरांप्रमाणें मान वर करून उभाहि राहिलों. परंतु या सर्वांचें वर्णन माझ्याहून समर्थ लेखण्यांनीं पूर्वींच केलेलें आहे. मला सांगावयाचें आहे तें तेथील लहान मुलांच्या फुटबॉलविषयीं. आणि ज्यानें स्वतः जन्मांत कधीं चेंडूला पाय लावला नाहीं अशा संस्कृतच्या मास्तरानें या विषयांत कां पडावें, तेंहि ओघानें येईलच.

मुलीचें बिऱ्हाड अॅम्स्टरडॅमच्या दक्षिणेस लागून असलेल्या अॅमस्टलफेन या गांवीं आहे. संगणकाच्या व्यवसायानिमित्त आलेलीं भारतीय कुटुंबें येथें इतकीं आहेत कीं, सायंकाळीं फिरावयास निघालें असतां एखाद्या खिडकींतून फोडणीचा वास आला तर नवल वाटत नाहीं, व मराठी शब्द कानीं पडला तरीहि नाहीं. या प्रदेशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खालीं आहे. तळीं उपसून, बांध घालून, चर खणून ही भूमि पाण्यापासून मिळविलेली. पंप थांबले तर ती पुन्हां पाण्याखालीं जावयाची. इतक्या सायासानें मिळविलेली जमीन, आणि तिच्यावर जिकडे तिकडे मुलांचीं खेळाचीं मैदानें! आमच्याकडे शाळेचें पटांगण दिसलें कीं पुष्कळांना प्रथम आठवण होते ती दुकानाच्या गाळ्यांची.

माझा नातू नऊ वर्षांचा. गांवांतील एका क्लबांत त्याच्या वयाच्या मुलांचे चार-पांच संघ आहेत, त्यांतील चौथ्यांत तो खेळतो. पहिल्याच शनिवारीं सकाळीं नऊ वाजतां आम्ही सर्व मंडळी मैदानावर गेलों. मी कोल्हापूरकडचा. पेठापेठांतील तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले म्हणजे कसा जल्लोष होतो, आणि सामना संपल्यावर कधीं कधीं बाहेर काय होतें, तें मला चांगलें ठाऊक आहे. तेव्हां फुटबॉलचा सामना म्हणजे काय याची एक पक्की कल्पना घेऊनच मी रेषेबाहेर उभा राहिलों.

पाहतों तों मैदान लहानसें. साडेबेचाळीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद. एका मोठ्या मैदानांत अशीं चार बसतात. प्रत्येक बाजूस सहा मुलें. पंच असा कोणी नाहींच. एका मुलाचे वडील रेषेबाहेर उभे राहून खेळावर नजर ठेवीत होते व अगदींच घोटाळा झाला तरच दोन शब्द बोलत. चेंडू बाहेर गेला कीं हातांनीं फेकावयाचा नाहीं, पायानेंच हळूहळू आंत आणावयाचा. जांवयांनीं सांगितलें कीं, या देशाच्या फुटबॉल संघटनेनें २०१७ च्या हंगामापासून लहानांचा खेळ असा बदलून टाकला. पूर्ण मैदानावर अकरा-अकरा मुलें उतरविलीं तर दोन-तीन दांडगीं मुलें चेंडू घेऊन पळतात व बाकीचीं थंडींत कुडकुडत उभीं राहतात. सहांमध्यें लपावयास जागा नसते. चेंडू फिरून फिरून प्रत्येकाच्या पायाशीं येतोच. आणि सर्वांत लहान गटांचा गुणतक्ता कोठेंहि प्रसिद्ध होत नाहीं. कोण पहिला, कोण शेवटचा, हें कागदावर येतच नाहीं.

हें सर्व ऐकून मीं मान हालविली खरी, पण दहाव्या मिनिटाला नातवाच्या पायाशीं चेंडू आला आणि माझ्या तोंडून सहजगत्या निघालें, "मार! मार कीं! अरे, समोर मार!" तीन-चारदां तरी मी ओरडलों असेन. मराठी कोणाला समजलें नाहीं, पण सूर सर्वांना समजला. संघाचे प्रशिक्षक (हेहि एका मुलाचे वडीलच; एरवीं नळाचीं कामें करणारे) सावकाश माझ्याजवळ आले, अत्यंत सौजन्यानें हंसले, आणि इंग्रजींत म्हणाले कीं, "तो आतां चेंडूकडे पाहत नाहीं, तुमच्याकडे पाहतो आहे." घरीं येतांना नातवानेंहि तेंच आपल्या भाषेंत सांगितलें. "आजोबा, तुम्ही ओरडलांत ना, कीं पाय कुठें टाकायचा तेंच मला आठवत नाहीं."

चाळीस वर्षें वर्गांत फळ्यासमोर मुलांना उभें करून मी "बोल, बोल लवकर!" म्हणत आलों. त्या वेळीं कोणीं असें उत्तर दिलें नाहीं. देण्याची सोयच नव्हती.

सामना संपल्यावर मीं मुलीला विचारलें, "किती झाले?" ती म्हणाली, "अण्णा, इथें तें विचारीत नाहींत." मी गप्प बसलों. थोड्या वेळानें नातू हळूच जवळ येऊन कानांत म्हणाला, "आम्ही पांच-दोन हरलों." गुणतक्ता मोठ्यांनीं काढून घेतला तरी मुलांच्या बोटांवरील हिशेब कोण पुसणार? मात्र एक गोष्ट पाहिली. हें सांगून तो धांवत गेला. कारण सामन्यानंतर प्रत्येक मुलानें एकेक पेनल्टी मारण्याचा तेथें रिवाज आहे, आणि त्याची पाळी आली होती. हरलेलीं व जिंकलेलीं अशीं सर्व मुलें एका रांगेंत. त्यानंतर सरबत. पांच-दोन ही गोष्ट सरबताच्या पेल्याबरोबर संपली.

मी शिक्षक होतों हें कळल्यावर त्या प्रशिक्षकांनीं सुचविलें कीं, वस्तुसंग्रहालयें पाहून झालीं असतील तर एकदां बेटोनडॉर्प पाहून या. बेटोनडॉर्प म्हणजे कॉंक्रीटचें खेडें. नांव ऐकून उत्साह वाटण्याजोगें कांहीं नव्हतें, तरी एके दिवशीं ट्रामनें निघालों.

अॅम्स्टरडॅमच्या पूर्वेस वाटरग्राफ्समेअर नांवाचा भाग आहे. तेथें पूर्वीं सरोवर होतें; तें १६२९ सालीं उपसून कोरडें केलें. शहरांतील हा अत्यंत सखल भाग. पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली, विटा मिळेनात, गंवडीहि मिळेनात, तेव्हां १९२० नंतरच्या दशकांत येथें कॉंक्रीटचीं घरें बांधून पाहण्याचा प्रयोग झाला. बैठीं-दुमजलीं, करड्या-पांढऱ्या रंगाचीं, साध्या चेहऱ्याचीं घरें; पुढें हातभर बाग; आणि गल्ल्यांचीं नांवें मात्र सारीं शेतकीचीं. कॉंक्रीटच्या खेड्याला शेत, पेरणी, गुरें यांचीं नांवें देणाऱ्याला विनोदबुद्धि होती, कीं गांव सोडून आलेल्या मजुरांविषयीं माया होती, हें मला ठरवितां आलें नाहीं. यांतील आक्करस्ट्राट, म्हणजे आपल्याकडील शेतगल्ली म्हणा, या रस्त्यावर एका भाजीवाल्याच्या घरीं, २५ एप्रिल १९४७ रोजीं जन्मलेला योहान क्रायफ लहानाचा मोठा झाला.

फुटबॉल न पाहणाऱ्या वाचकांसाठीं इतकेंच सांगतों कीं, क्रिकेटमध्यें ब्रॅडमनचें जें स्थान, त्याच्या आसपास या खेळांत क्रायफचें आहे. घरापासून चार पावलांवर आयाक्स क्लबचें मैदान होतें. (आपले लोक इंग्रजी वळणानें एजॅक्स म्हणतात.) पोर दिवसभर फरशीवर खेळे, फरशीवर पडलें तर लागतें, म्हणून तोल संभाळावयास तेथेंच शिकला. क्लबच्या मुलांचे प्रशिक्षक यानी फान डर वेन यांनीं त्याला हेरलें, आणि दहाव्या वर्षीं तो क्लबांत दाखल झाला. बाराव्या वर्षीं वडील वारले. आई क्लबच्या आवारांत झाडलोटीचें काम करूं लागली. मुलगा अंगानें काडीसारखा. जोराचा फटका मारणें त्याला पुष्कळ दिवस जमत नसे. त्या वयांत जिंकून देणारा गडीच ज्याला हवा होता अशा एखाद्या गुरुजीच्या हातीं तो लागता तर त्याला रेषेबाहेर बसवून ठेवला असता, याविषयीं मला शंका नाहीं. असे गुरुजी मला माहीत आहेत.

१५ नोव्हेंबर १९६४ रोजीं सतराव्या वर्षीं तो मोठ्यांच्या संघांत प्रथम उतरला. खोनिंगनच्या संघाविरुद्ध तो सामना होता. आयाक्सचा एकमेव गोल त्यानें केला आणि आयाक्स १–३ असा हरला. पुढें १९७१, १९७२ व १९७३ असे लागोपाठ तीन वेळां त्याच क्लबनें युरोपचा चषक जिंकला. १९७४ सालीं म्यूनिक येथें विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत मात्र त्याचा देश पश्चिम जर्मनीकडून १–२ असा हरला. आणि गंमत अशी कीं, त्या वर्षाविषयीं बोलतांना जगांतले दर्दी लोक जिंकलेल्यांपेक्षां हरलेल्या संघाच्याच खेळाचें वर्णन अधिक करतात.

आयाक्सचें तें जुनें मैदान आतां नाहीं. १९३४ पासून वापरांत असलेलें डे मेअर हें स्टेडियम क्लबनें १९९६ सालीं सोडलें व पुढें तें पाडण्यांत आलें. तेथें आतां वसाहत आहे. रस्त्यांना जगांतल्या प्रसिद्ध स्टेडियमांचीं नांवें आणि लहान लहान पुलांना जुन्या खेळाडूंचीं. एका पुलावर दोन मुलीं चेंडू कठड्यावर आपटीत उभ्या होत्या. मी बांकावर बसून मुलीनें दिलेला दडपे पोह्यांचा डबा संपविला व पुढें निघालों.

आतां क्लबचें मोठें स्टेडियम शहराच्या दक्षिण-पूर्वेस आहे. क्रायफच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, २०१८ पासून, त्याला त्याचेंच नांव दिलेलें आहे. त्याच्या जवळच मुलांच्या शिक्षणाचें आवार आहे. त्याचें नांव डे टूकॉम्स्ट, म्हणजे "भविष्य". कुंपणाबाहेरून जेवढें दिसतें तेवढें पाहिलें. या क्लबांत मुलाची परीक्षा चार गोष्टींत करतात: तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग. त्यांत पहिल्या तीन तर मला माझ्या विषयांतहि लागू वाटल्या. "विजय" हा शब्द चारांत नाहीं.

पण म्हणून हा कांहीं कण्वाश्रम आहे असें वाचकांनीं समजूं नये. येथेंहि मुलांचें दरवर्षीं मूल्यमापन होतें व कांहींना घरीं पाठवितात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला निवडावें, त्याला तो पोशाख घालावयास द्यावा, सगळ्या गल्लीनें त्याचें कौतुक करावें, आणि बाराव्या वर्षीं त्याला "पुढील वर्षीं येऊं नको" म्हणावें, हें मला तर कठोर वाटतें. सामना हरल्याचें दुःख सरबतानें जातें. हें कशानें जात असेल? शिवाय चांगले खेळाडू तयार करून ते मोठ्या किमतीला विकणें हा अशा क्लबांचा व्यवहारहि आहे. आणि माझ्या नातवाच्या साध्या क्लबांतसुद्धां, गुणतक्ता नसला तरी, "माझा मुलगा पहिल्या संघांत केव्हां जाणार?" हें विचारणारे आईबाप मीं कानांनीं ऐकले. त्यांत आपले मराठी लोकहि होते, मागें नव्हते.

या निवडीच्या बाबतींत एक विलक्षण गोष्ट जांवयांनीं मला सांगितली. १९८५ सालीं कॅनडांत रॉजर बार्न्स्ली व त्यांचे सहकारी यांनीं बर्फावरील हॉकीच्या निवडक खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हां वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा फार मोठा आढळला. पुढें फुटबॉलमध्यें अनेक देशांत हेंच दिसून आलें. कारण अगदीं साधें आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारींत जन्मलेला व डिसेंबरांत जन्मलेला हे दोघे एकाच गटांत येतात. पण नऊ वर्षांच्या मुलाला अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. जो आधीं जन्मला तो उंच, तो दांडगा, तो निवडला जातो. मग त्याला चांगला शिक्षक, अधिक सामने मिळतात आणि तो खरोखरच चांगला होतो. डिसेंबरांतला बिचारा "यांत कांहीं नाहीं" असा शिक्का घेऊन घरीं बसतो. ज्याला जिंकण्याची घाई, तो जन्मतारीखच निवडतो. मुलगा निवडीत नाहीं.

जन्मतारीख हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटांत कालवाकालव झाली. तिचें कारण आतां सांगतों.

१९९४ सालची गोष्ट. आमच्या शाळेंत व्यायामशिक्षकाची जागा रिकामी होती. मुख्याध्यापकांनीं शिट्टी माझ्या हातीं दिली. संस्कृतचे तास कमी, म्हणून फुटबॉलचा संघ माझ्याकडे! चौदा वर्षांखालील मुलांचे आंतरशालेय सामने होते. मीं नियमांचें पुस्तक आणलें, अमरकोशाप्रमाणें पाठ केलें, आणि आठ दिवसांत एक सिद्धान्त बनविला. संघांत एक मुलगा होता, इतरांहून वीतभर उंच, ओठांवर लव आलेली. सर्वांनीं चेंडू उचलून लांब त्याच्याकडे मारावा, त्यानें धक्के देत पुढें जाऊन गोल करावा, बस्स. त्याची जन्मतारीख दाखल्यावर १ जून होती. आमच्याकडील वाचकांना हें सांगावयास नको. पालकांना तारीख आठवत नसे, आणि शाळेंत नांव घालतेवेळीं मास्तर अंदाजानें साल धरून १ जून लिहीत. मीहि अशा कित्येक लिहिल्या आहेत. त्या मुलाचें वय चौदाहून अधिक असावें हें मला दिसत होतें. मीं दाखल्याकडे पाहिलें, मुलाकडे पाहिलें नाहीं.

दुसरा एक मुलगा होता. सातवींतला, किडकिडीत, डावखुऱ्या पायाचा. चेंडू त्याच्या पायाला जणूं दोऱ्यानें बांधलेला असे. पण तो माझ्या सिद्धान्तांत बसेना. लांब मारण्याची ताकद नाहीं, आणि चेंडू मिळाला कीं सोडावयाचा नाहीं. "अरे, तो नाच पुरे!" असें मीं त्याला सर्वांदेखत म्हटलेलें मला आठवतें. मीं त्याला राखीव ठेवला. प्रत्येक सामन्याला तो धुतलेला, इस्त्री केलेला पोशाख घालून येई, माझ्याजवळ येऊन "सर, आज मी?" असें विचारी, आणि मी म्हणें, "पुढच्या सामन्याला." तालुक्याचे सामने झाले, जिल्ह्याचे झाले. अंतिम सामना आम्हीं त्या उंच मुलाच्या एका गोलावर जिंकला. ढाल मिळाली. मिरवणूक निघाली, मुख्याध्यापकांनीं माझ्या गळ्यांत हार घातला. त्या वेळचें छायाचित्र माझ्या बैठकीच्या खोलींत आजवर होतें. त्यांत सर्व मुलांचे पोशाख चिखलानें माखलेले आहेत. उजव्या टोकाच्या मुलाचा पोशाख स्वच्छ आहे.

पुढील जूनमध्यें त्यानें संघासाठीं नांव दिलें नाहीं. मीं विचारलें तेव्हां म्हणाला, "अभ्यास आहे, सर." आणि शिक्षक या नात्यानें मला त्या उत्तराचा आनंदच झाला! मीं त्याची पाठ थोपटली. उंच मुलाचें म्हणाल, तर दोन वर्षांत बाकीचीं मुलें त्याच्या खांद्याला लागलीं. धक्क्यावांचून दुसरें कांहीं मीं त्याला शिकविलेलें नव्हतें, तेव्हां त्याचाहि खेळ तेथेंच संपला. ढाल अजून शाळेच्या कपाटांत आहे.

खेळांतच हें झालें असेंहि नाहीं. संस्कृतांत मीं अठ्ठ्याण्णव-अठ्ठ्याण्णव गुण मिळविणारीं मुलें तयार केलीं. पालक पेढे घेऊन येत. ठराविक प्रश्न, ठराविक उत्तरें, रूपांचे तक्ते, गुण पडावयाचेच. त्यांतील कांहींजण पुढें भेटतात, नमस्कार करतात, आणि हंसत हंसत सांगतात कीं, "सर, आतां एक ओळहि लागत नाहीं." ते हंसतात, मीहि हंसतों.

जिंकण्याची इच्छाच मुलांच्या मनांतून काढून टाकावी असें मात्र मला वाटत नाहीं. ती जात नाहीं, व जाऊं नये. अॅमस्टलफेनच्या मैदानावरील प्रत्येक मूल जीव तोडून धांवत होतें. परंतु जिंकणें ही त्यांची हौस होती. प्रशिक्षकांची गरज नव्हती. माझी होती. १९९४ सालीं ती ढाल मुलांहून मलाच अधिक हवी होती, हें समजावयास मला तीस वर्षें आणि समुद्र ओलांडणें लागलें.

शेवटच्या शनिवारीं पाऊस पडत होता. तेथें पावसानें सामना थांबत नाहीं. मी छत्री घेऊन रेषेपासून चांगला दूर उभा राहिलों, व तोंडांत लवंग धरली होती. ती असली कीं ओरडतां येत नाहीं. त्या दिवशीं प्रशिक्षकांनीं नातवाला पाव सामना गोलरक्षक केला व संघांतील सर्वांत बुजऱ्या मुलाला पुढें खेळविलें. त्या मुलानें चेंडू दोनदां गमावला, तिसऱ्यांदां आपल्या पायांत अडकून पडला, आणि चौथ्यांदां कोणाला तरी चकवून पुढें गेला. गोल झाला नाहीं, पण तो पुष्कळ वेळ आपल्याच पायांकडे पाहत उभा राहिला. सामन्यानंतर सरबत ओतण्याचें काम माझ्याकडे आलें. आठ पेले भरले, आठहि मुलें चिखलानें माखलेलीं होतीं.

परत जातांना नातू माझ्या छत्रीखालीं चालत होता. मीं बराच वेळ मन आवरलें, पण ट्रामचा थांबा दिसूं लागला आणि न राहवून विचारलेंच, "किती झाले रे?"

"सहा-सहा," तो म्हणाला.

मागून येणारे जांवई म्हणाले कीं त्यांच्या मोजणीप्रमाणें सहा-चार झाले. त्यावरून त्या दोघांचा घरीं पोंचेपर्यंत वाद चालला होता.